दहावं जे निघेल ते

पाल्कानी, ७ ऑगस्ट १९७४

विहीणबाई इलारिया यांस प्रभूच्या नावानं सलाम.

आणि सगळ्यांत आधी कोण उगवलं असेल, सांगा पाहू? गुमेर्सिंदाबाईच! गवतावरचं हिव अजून वितळलं नव्हतं, मी चुलीत शेण घालत होते, तर ही बया दारात उभी, पदरात स्वतःचा चमचा बांधून. आमच्या चर्चच्या मंडळीत ज्यांना वडील म्हणतात त्या पुढाऱ्यांची बायको म्हणून मान द्यायचा, पण कुणाकडे सूप उकळतंय हे हिच्या नाकाला दोन डोंगर ओलांडून कसं कळतं ते प्रभूच जाणे. मी म्हटलं, "अगं, मोजणी उन्हं वर आल्यावर आहे." तर म्हणते, "म्हणूनच आले, तोवर खाऊन होईल." मग वडील लिओन्सिओ आले, गळ्यात तोच जुना मफलर, मग वरच्या वस्तीतले सगळे. सूप पुरलं. गोठवून वाळवलेल्या बटाट्यांचा चुन्यो मी यंदा भरपूर केलाय. जूनच्या हिवाळ्यात अशी थंडी पडली की बटाटे एका रात्रीत दगड झाले. माझ्या फाउस्तानं आणि तुमच्या निकासिओनं मिळून ते तुडवले, पाय लाल होईस्तोवर. तुमचा वाटा पोत्यात बांधून ठेवलाय, सेनोनच्या ट्रकनं पाठवते. पोतं परत पाठवा हं, गेल्या खेपेचं अजून यायचंय.

तर मोजणी. तुम्ही तळ्याकाठच्या, तुम्हाला आमची मोजणी कुठून ठाऊक असणार? अल्पाकांची वर्षाची पिल्लं आईपासून तोडायला झाली की आम्ही ती सगळी दगडी वाड्यात कोंडतो. वाड्याचं तोंड इतकं अरुंद की एका वेळी एकच बाहेर पडेल. बाहेर त्यांच्या आया ओरडत उभ्या. मी तोंडाशी काठी घेऊन. पिल्लू निघालं की पाठीवर काठी टेकवायची न् मोठ्यानं मोजायचं. दहावं निघेल ते प्रभूचं. तिथल्या तिथे त्याच्या कानात लाल लोकरीचा गोंडा बांधायचा, की झालं. धष्टपुष्ट असो, लंगडं असो, जे निघेल ते. आपण निवडायचं नाही.

गेल्या वर्षीच्या बर्फानं कळपाचं काय केलं ते तुम्ही पाहिलंय. यंदा पिल्लं दहाच्या वर गेली हेच नवल. आणि दहावं कोण निघालं माहीत आहे? उजेड!

तोच पांढरा, ज्याची लोकर हातात घेतली की हात रिकामा वाटतो. सगळे "अरेरे" म्हणाले, अख्खी वस्ती. गुमेर्सिंदाबाईचा चमचा खाली पडला. आणि मी, विहीणबाई, मी हसले! मला इतका आनंद झाला की काठी हातात नाचायला लागली. बर्फात आमच्यापाशी काही उरलं नाही असं वाटलं होतं, आणि बघा, प्रभूला द्यायला आमच्याकडे केवढं सुंदर काही निघालं.

एक गोष्ट मात्र टोचते. उजेड जन्मला त्या रात्री मी जावईबापूंना शब्द दिला होता की मोजणीचं दार पार झालं की हे पिल्लू तुमचं. इतकी वर्षं माझ्या दारी राबतायत, स्वतःचं म्हणावं असं एक खूर नाही त्यांच्यापाशी. दार पार झालं खरं, पण दहाव्या जागी. त्यांनी टोपी काढली, परत घातली न् पाणी आणायला गेले. पाणी भरलेलंच होतं.

तीन आठवड्यांनी वडील ट्रक घेऊन येतील न् उजेडला नेतील. मंडळीच्या शाळेच्या छपराला पत्रा हवाय, उजेडच्या बदल्यात तो मिळेल. तोवर पिल्लं आईवाचून राहायला शिकतील.

डोळ्यांत ढग वाढलेत, म्हणून अक्षरं एकमेकांवर चढलीत. माफी असावी.

तुमची विहीण,
बासिलिया


सोकारी, तळ्याकाठ, १२ ऑगस्ट

बासिलिया विहीणबाईंना,

पत्र मिळालं. चुन्यो मिळाला. पोतं उंदरांनी खाल्लं, त्याचं दुःख मी एकटीनं किती करायचं?

तुमच्या देवाची नजर मात्र चांगली आहे हो. अख्ख्या वाड्यात नेमकं तेच उचललं! आमचे पाद्रीबाबा बिचारे एका मेणबत्तीत खूश. मी मेणबत्ती लावते, देव मला बघतो, मी देवाला बघते, दोघंही आपापल्या कामाला जातो. तुमच्या जागी मी असते तर दोन पिल्लं घरात चुलीमागे कोंडली असती, बाहेर नऊच मोजली असती. नऊ झाली की मोजणी संपली. हसू नका, हिशोब आहे.

माझा मुलगा पाणी भरलेलं असताना पाणी आणायला गेला, हे तुम्ही लिहिलंत. ते मी दोनदा वाचलं.

घरजावयाचं काय असतं, विहीणबाई? ताट तुमचं, चूल तुमची, कळप तुमचा. त्याच्या बापानं त्याला एक फुटकी होडी ठेवली होती, तीही लग्नाच्या खर्चात विकली. एक पिल्लू त्याचं होणार होतं. असो. मी कोण बोलणारी!

तो दुसरा पांढरा आहे ना तुमच्याकडे, भोळा का कोण, निळ्या डोळ्यांचा, बहिरा? फाउस्ता सांगत होती की लांबून दोघं सारखेच दिसतात. सहज विचारते. आणि तो गोंडा कानाला बांधता कसा? सुटत नाही का आपोआप? आमच्याकडे असलं काही नसतं म्हणून कुतूहल.

निकासिओला म्हणावं, सेनोनकडे तुझ्यासाठी सुका मासा आणि निरोप दिलाय. मासा गाठोड्यात आहे, निरोप सेनोनच्या तोंडात.

इलारिया


पाल्कानी, २१ ऑगस्ट

प्रिय विहीणबाई,

तुमचं पत्र वाचून मी फाउस्ताला मिठी मारली! ती म्हणाली, "आई, कणीक सांडेल." सांडू दे. आम्ही शनिवार पाळतो म्हणून इतकी वर्षं तुम्ही आम्हाला 'शनिवारवाल्या' म्हणत चिडवता, आणि आज स्वतःहून विचारता की गोंडा कसा बांधतात! प्रभू कुठल्या छिद्रातून आत शिरेल सांगता येत नाही. मी तर मंडळीत सांगितलं सगळ्यांना. गुमेर्सिंदाबाईनं तुमच्यासाठी प्रार्थना केली, लांबलचक. नंतर विचारलं, मासे पाठवतील का.

तर ऐका. गोंडा लाल लोकरीचा, मीच कातलेला. कानाला छोटं भोक असतं, त्यातून दोरा ओवायचा, दोन वेढे, खाली ओढ. लहान पोरीच्या वेणीला मारतो तशी साधी गाठ. मला डोळे मिटून येते, हल्ली तर मिटल्यासारखेच असतात. सुटत नाही.

आणि हो, भोळा न् उजेड लांबून सारखेच. मलासुद्धा हल्ली कळत नाही, हात लावला तर कळतं. उजेडची लोकर म्हणजे धूर. भोळ्याची म्हणजे झाडू. बिचारा बहिरा, हाक मारली तरी चरतच राहतो, पण जीव गोड आहे. मी त्याच्या कानात गाणी म्हणते, त्याला काय, चालतात सगळीच.

तुम्ही चुलीमागे कोंडायचं म्हणालात, त्यावर मी खूप हसले. पण विचारलंच आहे तर नियमाचा उरलेला भागही सांगते, तो मला सगळ्यांत आवडतो. मी चाळिशीत अक्षरं शिकले ना, मंडळीच्या रात्रशाळेत, तेव्हा बायबलातल्या लेवीय पुस्तकातली हीच ओळ बोट ठेवून ठेवून वाचली होती. दहावं चांगलं की वाईट ते बघायचं नाही. बदलायचं नाही. आणि कुणी बदललंच, तर ते दहावंही प्रभूचं न् त्याच्या जागी ठेवलेलंही प्रभूचं. दोन्ही! पैसे भरून सोडवताही येत नाही. काय पक्कं काम आहे, नाही? आमचे हे म्हणायचे, मोशेकडे नक्की माझ्यासारखा एखादा लबाड भाऊ असणार, त्याच्यासाठी लिहिलं हे.

जावईबापू मात्र किती बदलले, तुम्हाला बरं वाटेल. तुमचा मासा न् निरोप मिळाल्यापासून गुणी झालेत. पिल्लं रोज लांबच्या कुरणात नेतात, मला म्हणतात, "सासूबाई, तुम्ही कशाला पायपीट करता, बसा उन्हात." अंधार पडल्यावर परत आणतात. मी तीन वेळा म्हटलं, उजेडला एकदा जवळ आणा, निरोप घेते. तर म्हणाले, "जीव गुंतेल, नको." किती समजूत! रात्री जेवत नाहीत नीट, तेवढं एक. काय निरोप दिला होतात हो? मलाही सांगा, वस्तीतल्या बाकीच्या जावयांना देते.

वडील पुढल्या गुरुवारच्या ट्रकनं येतायत.

बासिलिया


सोकारी, २६ ऑगस्ट

विहीणबाई,

दोन्ही? हा कुठला न्याय?

हे तुमच्याकडे कुणाकुणाला ठाऊक आहे? निकासिओला कुणी कधी सांगितलंय का? तो लग्नानंतर मंडळीत आला, त्याला अख्खं पुस्तक थोडंच पाठ असणार. समजा कुणाच्या हातून चुकून गोंडा इकडचा तिकडे झाला आणि वेळेत परत जागेवर बांधला, तर चालत असेल ना? वडील यायच्या आधी? मी आपलं विचारते.

निकासिओला सांगा, आईला बरं नाही, लगेच ये. नाही, ये म्हणू नका. सांगा, आई म्हणते आधीचा निरोप विसर. एवढंच सांगा. हे पत्र मिळाल्या मिळाल्या सांगा.

इलारिया


पाल्कानी, १ सप्टेंबर

विहीणबाई इलारिया यांस,

तुमचं पत्र वडिलांच्याच ट्रकमधून आलं. सेनोननं खाली उतरता उतरता हातात दिलं. पाहुणे दारात, चूल पेटायची, मी ते पोलक्यात खोचलं. वाचलं संध्याकाळी. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. नीट सांगते. घाबरू नका, मी रागावलेली नाही. म्हणजे रागावले होते, पण ते ट्रक जाईपर्यंत.

या वेळीही पहिली उतरली ती गुमेर्सिंदाबाई, चमच्यासकट. सूप झालं. मग वडील म्हणाले, "आणा बघू प्रभूचा वाटा." जावईबापू दोरी धरून घेऊन आले. पांढरंशुभ्र, कानात लाल गोंडा. मी म्हटलं, थांबा, मला निरोप घेऊ द्या. जावई म्हणाले, "सासूबाई, ट्रक थांबायचा नाही." सेनोन तिकडून ओरडला, "मला काही घाई नाही, मी सूप पितोय!"

मी मान कुरवाळायला हात घातला. झाडू!

मला वाटलं, थंडीनं बोटं बधिर झाली असतील. कानाकडे हात नेला. गोंडा माझाच, लोकर माझीच. पण गाठ? विहीणबाई, ती गाठ माझी नव्हती. आत वळलेली, ओढली की आवळत जाणारी, बारीक. तुमच्या अंगणात मी तुमच्या मुलाला जाळं विणताना पाहिलंय. आमच्या अख्ख्या डोंगरावर ती गाठ मारणारं दुसरं माणूस नाही. बिचाऱ्याच्या हातानंच चुगली केली.

मी हाक मारली, "भोळ्या!" तो चरतच राहिला.

मग मी विचारलं, "जावईबापू, ही गाठ कुणाची?"

"माझी," ते म्हणाले. पडलेल्या तोंडानं, पण बोलले.

"आणि अक्कल?"

"तीपण माझीच."

मी म्हटलं, "खोटं करायचं तर धड करावं माणसानं. अक्कल तुमची असती तर माझ्यासारखी गाठ मारायला आधी शिकला असता. जा, उजेडला आणा."

ते हलेनात. तिथेच उभे राहून म्हणाले, "तुम्ही शब्द दिला होता मला. देवाला काय कमी आहे? हजार डोंगरांवरची जनावरं त्याची. मला एक मिळणार होतं." फाउस्ता रडायला लागली. आणि खरं सांगू का, त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. देवाला लोकरीचं काय? त्याला थंडी वाजत नाही. मी म्हटलं, "शब्द दिला होता, तो माझ्या डोक्यावर आहे, त्याचं मी बघते. पण उजेड माझा नव्हताच द्यायला. दार ओलांडलं तेव्हापासून ते दुसऱ्याचं जनावर आहे, आपल्या वाड्यात झोपतंय एवढंच. शेजाऱ्याचं जनावर वाड्यात शिरलं तर सकाळी त्याच्या खुणा पुसून आपल्या घालता का तुम्ही?"

आता वडिलांचं ऐका. लिओन्सिओंनी मफलर सारखा केला, मला बाजूला घेतलं न् हळूच म्हणाले, "बहीणबाई, राहू द्या. भोळाच नेतो. पांढरा तो पांढरा. पत्रेवाला काय हात लावून बघणार आहे? जावई तरुण आहे, मन मोडेल, मंडळी सोडून जाईल. कुणाला कळणार नाही."

मी म्हटलं, "वडील, मोजताना काठी कुणाच्या हातात होती?"

"तुमच्या."

"मग मला कळलंय. आणखी कुणाला कळायला हवं?"

"बरं, मग उजेड द्या न् भोळा ठेवा."

"दोन्ही," मी म्हटलं. "बदललं की दोन्ही. तुम्हीच शिकवलंत मला रात्रशाळेत, माझं बोट धरून." ते लाल झाले. गुमेर्सिंदाबाई म्हणाली, "ट्रकमध्ये जागा आहे की!" नवऱ्यानं असं बघितलं तिच्याकडे!

मग जावईबापू गेले न् उजेडला घेऊन आले. तो ट्रकमध्ये चढेना. चार पाय चार दिशांना. सेनोननं ढकललं, वडिलांनी ओढलं, उजेड थुंकला, नेमका मफलरवर. शेवटी जावईच चढले आधी, तोंडानं चुचकारलं, तसा तो त्यांच्या मागोमाग टुणकन वर. भोळा पाठोपाठ. निघताना जावई ट्रकमधूनच ओरडले, "मी जातो बरोबर. खाली मंडळीला मीच सांगेन काय केलं ते. वडिलांनी सांगितलं तर ते गोड करून सांगतील." आणि गेले. परवा चालत परत आले, पायांना फोड. सांगितलं म्हणतात सगळ्यांपुढे. तुमचं नाव घेतलं नाही. मला अजूनही सांगत नाहीत की निरोप काय होता.

मी ओळखलंय. गाठीची चौकशी कुणी केली होती? मी आपली आनंदानं गाणी म्हणतेय की विहीणबाईंना प्रभू भेटला!

वाड्यात आता नर नाही. जानेवारीत कळप फळवायचा तर वरच्या वस्तीतल्या एउसेबिओचा तपकिरी नर मागावा लागेल. पिल्लं तपकिरी होतील, लोकर कमी दरात जाईल. होऊ दे. तपकिरी पिल्लांचे कान किती गोड असतात ते तुम्ही पाहिलेलं नाही.

बासिलिया


सोकारी, १६ सप्टेंबर

विहीणबाई,

हो, मीच. सेनोनच्या तोंडी निरोप होता, "पांढरा तो पांढरा, दुसऱ्याच्या कानात बांध." सेनोननं पोरासारखा पाठ केला होता तो. तुमच्या वडिलांनी तेच शब्द वापरले हे वाचून मला हसू आलं. म्हणजे मी अगदीच पापी नाही, वडिलांइतकीच.

माफी मागायची मला सवय नाही. आई आहे मी त्याची. तो तुमच्या दारी रिकाम्या हातानं गेला, हे मला वल्ही मारताना रोज आठवतं. पण तो चालत परत आला, फोड घेऊन, आणि माझं नाव घेतलं नाही. हे त्यानं कुणाकडून घेतलं? माझ्याकडून नक्की नाही. त्याच्या बापाकडूनही नाही. मग तुमच्याकडूनच. घ्या, एवढं कबूल करते, पुन्हा विचारू नका.

आता एक वेगळीच गोष्ट. कुणाला सांगू नका, खासकरून त्या चमचेवालीला.

मंगळवारी जाळं ओतलं. करची मासेच होते, बोटाएवढे, रोजचे. टोपलीत टाकता टाकता तोंडातून आपोआप मोजणी निघायला लागली. तुमच्या पत्रांमुळे. दहावा हाताला लागला तो नेमका मोठा चंदेरी, असा महिन्यातून एकदा मिळतो, हॉटेलवाला रस्त्यावर येऊन घेऊन जातो. मी म्हटलं, हा नाही. खाली सारला, एक बारका उचलला, म्हटलं दहावा हा. आणि मग माझा हात तिथेच राहिला, विहीणबाई. होडीत मी एकटी. कुणी बघत नव्हतं. पाद्रीबाबा नाहीत, तुमचे वडील नाहीत.

दोन्ही दिले. मोठा आणि बारका. शेजारच्या प्रुदेन्सियाला, तिचा नवरा गेला त्यानंतर तिच्याकडे चूल एकदाच पेटते. ती म्हणाली, "हे काय मध्येच?" मी म्हटलं, "खा गुमान."

रात्रभर जीव जळला. अजून जळतो. तो मासा डोळ्यांपुढून जात नाही. हे असं दर वेळी होतं का, की मलाच?

निकासिओला दिलेल्या शब्दाचं काय केलंत? ते तुमच्या डोक्यावर आहे म्हणाला होतात. मी विसरलेली नाही.

इलारिया


पाल्कानी, ९ ऑक्टोबर

माझ्या लाडक्या विहीणबाई,

दर वेळी होतं. जळायलाच हवं. ज्या दिवशी जळणार नाही त्या दिवशी समजा, नकळत बारका मासा दिलात.

तुमचं पत्र मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. गुमेर्सिंदाबाईला सांगितलं नाही. फाउस्ताला सांगितलं, पण ती म्हणजे घरचीच. आणि उजेडला सांगितलं असतं, पण तो आता पत्रा झालाय! खरंच. शाळेचं छप्पर बसलं. भोळ्याची दाराची चौकट न् खिळे झाले. जावईबापू मुद्दाम बघून आले. मी विचारलं, कसं आहे? म्हणाले, "वाऱ्यात वाजतं." एवढंच. पण पोरं आत कोरडी बसतात, असंही मागाहून म्हणाले, चुलीकडे बघत.

आता शब्दाचं. तुम्ही विसरला नाहीत, तशी मीही नाही. प्रभूचं प्रभूला दिलं म्हणून माणसाचं बुडवायचं, असं कुठे लिहिलंय? गेल्या सोमवारी सगळी उरलेली पिल्लं वाड्यात कोंडली. वडील न् गुमेर्सिंदाबाई आले होतेच, म्हटलं साक्षीला बरे. मी म्हटलं, "जावईबापू, जा आत. हवं ते निवडा. सगळ्यांत चांगलं निवडा, मला वाईट वाटणार नाही." आणि खरंच वाटलं नसतं, म्हणजे थोडं वाटलं असतं.

ते आत गेले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. त्या राखाडी मादीच्या पाठीवर हात फिरवला, ती चांगली आहे. मग बाहेर आले न् म्हणाले, "मी निवडत नाही. निवडायला गेलो की काय होतं ते बघितलं एकदा. दार उघडा. पहिलं निघेल ते माझं."

वडील म्हणाले, "नीट विचार कर रे!" गुमेर्सिंदाबाई म्हणाली, "राखाडी घे, मूर्खा!" फाउस्तानं माझा हात धरला. मी दार उघडलं.

आणि सगळ्यांत आधी कोण उगवलं असेल, सांगा पाहू?

चिमणी. तुम्हाला ती ठाऊक नाही, कुणी लक्षच देत नाही तिच्याकडे. तपकिरी, मागचा एक पाय जरा आखूड, बर्फातल्या शेवटच्या रात्री जन्मलेली, सगळ्यांत हडकुळी. ती नेहमी दाराशीच उभी असते, कारण आत तिला बाकीचे लाथा मारतात. अडखळत आली, जावयांच्या बुटावर पाय दिला न् उभी राहिली. मला वाटलं आता टोपी काढतील, घालतील न् पाण्याला जातील.

ते हसले, विहीणबाई! लग्नानंतर मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, "मादी आहे." मग पुन्हा, मोठ्यानं, "अहो, मादी आहे!" तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. नर काय, एकटाच राहतो. मादीचा कळप होतो. उचलून घेतलं तिला न् घरात आणलं. आता तुमच्या पोत्यावर झोपते ती, म्हणजे जे पोतं तुम्ही परत करणार होतात त्याच्या भावावर.

पण लगेच दुसरं भांडण निघालं. जावई म्हणाले, आता माझं जनावर आहे तर माझाही दहावा वाटा निघायला हवा. वडील म्हणाले, एका जनावरातून दहावं कसं काढणार? जावई म्हणाले, लोकर आहे की. कातरून दहा समान गड्ड्या करायच्या, पोत्यात घालायच्या, न बघता एकेक काढायची, दहावी निघेल ती तुमची. वडील म्हणाले, चिमणीची लोकर ती केवढी, दहावी गड्डी म्हणजे माझ्या मफलरचं टोक! "मग मफलरच विणून घ्या," जावई म्हणाले, "तो उजेड थुंकलेला धुऊन धुऊन विरलाय." मी इतकी हसले की मला उचकी लागली.

काठी मी जावईबापूंना दिलीय. मोजायला आता डोळे हवेत, आणि त्यांच्याइतकं डोळ्यांत तेल घालून मोजणारं आता या डोंगरावर कुणी नाही. त्यांनी काठीच्या मुठीला दोरी गुंडाळली, पकड बसावी म्हणून. गाठ कुठली मारली ते तुम्हीच ओळखा.

तुम्ही कातरणीला या. मासे आणा, मोजून आणा. चुलीपाशी तुमची जागा करते. वडील लिओन्सिओ न् गुमेर्सिंदाबाई कातरणीला परत येऊ म्हणालेत नोव्हेंबरच्या दुसऱ्या सोमवारी. ती तर म्हणाली, आदल्या रात्रीच येते.

बासिलिया